अहवाल ८६ पानांचा, वेळ १५ मिनिटांची

वाचकांचे प्रश्न : व्यवसाय आणि सादरीकरण

प्रश्न : आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीने हळद प्रक्रिया केंद्राचा सविस्तर प्रकल्प अहवाल तयार करून घेतला आहे. तो ८६ पानांचा आहे. प्रकल्प खर्च २ कोटी ४० लाख, स्वनिधी ८० लाख आणि मागणी १ कोटी ६० लाखांच्या मुदत कर्जाची, ७ वर्षांसाठी. बँकेच्या कर्ज समितीसमोर १५ मिनिटं बोलायचं आहे, त्यानंतर १५ मिनिटं प्रश्न. सल्लागारांनी अहवालातलेच परिच्छेद उचलून ४१ स्लाइड्स करून दिल्या. नुसत्या वाचून दाखवायलाच पाऊण तास लागतो. यातल्या कोणत्या गाळाव्यात?
— संचालक, शेतकरी उत्पादक कंपनी, हिंगोली जिल्हा

उत्तर : गाळत बसू नका. गाळून ४१च्या २५ होतील आणि त्याही अहवालाच्याच क्रमाने चालतील : प्रस्तावना, कंपनीची ओळख, जिल्ह्याची माहिती, हळदीचं महत्त्व, यंत्रसामग्री, बाजारपेठ आणि सगळ्यात शेवटी पैसा. समितीला पहिल्या मिनिटाला हवी असलेली गोष्ट चौदाव्या मिनिटाला येते. अहवालाचा क्रम तपासणीसाठी असतो, सादरीकरणाचा क्रम निर्णयासाठी. म्हणून ती ४१ स्लाइड्सची फाइल बाजूला ठेवा, संगणक बंद करा आणि कागदावर एकच वाक्य लिहा : समोर बसलेल्या माणसांनी बैठकीनंतर नेमकं काय करायला हवं? तुमच्या बाबतीत ते असं होईल : ‘समितीने १ कोटी ६० लाखांचं मुदत कर्ज ७ वर्षांसाठी मंजूर करावं.’

आता समितीच्या खुर्चीत बसून प्रश्न लिहा. कर्ज देणाऱ्याचे प्रश्न ठरलेले असतात. पैसे कशावर खर्च होणार आणि त्यात तुमचे किती? हप्ते कशातून फेडणार? कच्चा माल कुठून येणार? तयार माल कोण घेणार? रोजचा कारभार कोण पाहणार? अंदाज चुकला तर काय? तारण किंवा हमी काय? हे सात प्रश्न म्हणजे तुमच्या सात स्लाइड्स. त्यांच्या आधी मागणीची एक स्लाइड ठेवा. झाल्या आठ. हळदीचं आयुर्वेदातलं महत्त्व, जिल्ह्याचं सरासरी पर्जन्यमान, संचालक मंडळाच्या ठरावाची प्रत, सगळं अहवालात सुखाने राहू द्या.

त्यानंतर अहवाल हातात घ्या आणि पेन्सिलीने पुन्हा वाचा. या सात प्रश्नांपैकी एखाद्याचं उत्तर जिथे सापडेल तिथे समासात प्रश्नाचा क्रमांक टाका. ८६ पानांपैकी फार थोड्या पानांवर खुणा होतील. एखाद्या प्रश्नापुढे एकही पान आलं नाही, तर ती अहवालातली उणीव आहे आणि बैठकीआधी सापडली हे उत्तम. बहुतेक वेळा अशी उणीव ‘माल कोण घेणार’ इथे निघते : बाजाराची पानंच्या पानं असतात, पण एकाही खरेदीदाराचं पत्र जोडलेलं नसतं.

आता शीर्षकं. सारा भार शीर्षकांवर आहे, आणि नेमकं तिथेच लोक घाई करतात. ‘आर्थिक व्यवहार्यता’ हे प्रकरणाचं नाव झालं, त्यातून काहीच कळत नाही. ‘सर्वांत कमकुवत वर्षीही हप्ता आणि व्याजाच्या दर १०० रुपयांमागे ते भरून २८ रुपये उरतात’ हे विधान आहे. ते खरं की खोटं तपासता येतं आणि त्याखाली काय दाखवायचं तेही आपोआप ठरतं. प्रत्येक शीर्षक क्रियापदासह पूर्ण वाक्यात लिहा, शक्यतो दोन ओळींत बसवा. मग आठही शीर्षकं एकाखाली एक लिहून घरातल्या कोणालाही मोठ्याने वाचून दाखवा. ऐकणाऱ्याला ‘कर्ज कशाला हवं आणि ते कसं फिटेल’ हे त्या आठ वाक्यांतून कळलं, तर सांगाडा तयार आहे. कळलं नाही, तर रंग आणि चित्रं निवडून काहीही सुधारणार नाही.

ही वाक्यं वर्डमध्ये वेगळ्या फाइलमध्ये टाइप करा, प्रत्येकाला ‘हेडिंग १’ ही शैली द्या, फाइल साठवून बंद करा. पॉवरपॉइंटमध्ये ‘न्यू स्लाइड’खाली ‘स्लाइड्स फ्रॉम आउटलाइन’ असा पर्याय आहे. तिथून ती फाइल घेतली की प्रत्येक हेडिंग १ची एक स्लाइड होते, हेडिंग २ असेल तर तो खालचा मुद्दा होतो. साध्या शैलीतला मजकूर येतच नाही. मूळ अहवालाची फाइल मात्र इथे घेऊ नका, नाहीतर प्रकरणांची नावं पुन्हा शीर्षकं होऊन बसतील.

प्रत्येक शीर्षकाखाली एकच पुरावा ठेवा. खर्चाच्या स्लाइडवर चार पट्ट्या पुरेत : इमारत ७० लाख, यंत्रं १ कोटी २० लाख, खेळत्या भांडवलातला स्वतःचा वाटा ३० लाख, इतर २० लाख. कच्च्या मालासाठी गावांचा साधा नकाशा आणि सभासदांचं हळदीखालचं क्षेत्र. प्रक्रियेबद्दल एक ओळ : शिजवणं, वाळवणं, पॉलिश, प्रतवारी, दळण, पॅकिंग. यंत्रांचे फोटो हौसेने लावू नका, कोटेशन अहवालात आहेच. जागेचा फोटो मात्र लावा, रस्ता आणि विजेचा खांब दिसेल असा. हा एक फोटो दोन प्रश्न मिटवतो.

फेडीच्या स्लाइडवर सगळ्यात जास्त मेहनत घ्या. बँकेची माणसं इथे डीएससीआर (डेट सर्व्हिस कव्हरेज रेशो), म्हणजे कर्जफेडीच्या क्षमतेचं गुणोत्तर, पाहतात : करोत्तर नफा, घसारा आणि मुदत कर्जावरचं व्याज यांच्या बेरजेला त्याच वर्षीच्या व्याज अधिक मुद्दलाच्या हप्त्याने भागायचं. गुणोत्तर १ असेल तर आलेलं सगळं फेडीतच जातं. तुमचा सल्लागार सात वर्षांची सरासरी मोठ्या अक्षरात लिहील. तसं करू नका. सात वर्षांचे सात स्तंभ दाखवा, १ वर आडवी रेघ ओढा आणि सर्वांत कमी गुणोत्तराच्या वर्षाचा स्तंभ गडद करा. सुरुवातीला मुद्दलाचा हप्ता न भरण्याची मुदत संपते त्या वर्षी बहुधा तो खाली येतो. वर १०० रुपयांमागे २८ उरतात असं जे शीर्षक लिहिलं, त्यात सर्वांत कमी गुणोत्तर १.२८ धरलं आहे. तुमचा आकडा वेगळा असेल तर वाक्यही बदला. कमकुवत वर्ष तुम्हीच दाखवलंत तर पुढचा प्रश्न ‘त्या वर्षी काय कराल’ असा येतो. समितीला ते शोधावं लागलं तर प्रश्न तुमच्या हेतूबद्दल पडतो.

त्याला लागूनच अंदाज चुकण्याची स्लाइड ठेवा. तीन ओळींचा तक्ता : कच्च्या हळदीचा भाव १० टक्के वाढला, विक्री १५ टक्के घटली, केंद्र चार महिने उशिरा सुरू झालं. प्रत्येकासमोर सर्वांत कमी डीएससीआर लिहा. केंद्र सरकारच्या कृषी पायाभूत सुविधा निधी योजनेखाली २ कोटींपर्यंतच्या कर्जाला ३ टक्के व्याज सवलत कमाल ७ वर्षं मिळते. ती तुमच्या प्रकल्पाला लागू होत असेल, तर गुणोत्तर सवलत धरून आणि न धरता, दोन्ही दाखवा. सवलतीशिवाय १च्या खाली जाणाऱ्या प्रकल्पाकडे समिती वेगळ्या नजरेने पाहते आणि तसं पाहणं रास्तच आहे.

प्रत्येक स्लाइडच्या खालच्या कोपऱ्यात ‘अहवाल, पान ४७’ असा लहान संदर्भ टाका. समितीसमोर अहवालाची प्रत असते. आकडा तिथल्या तिथे ताडून पाहता आला की चर्चा पुढे सरकते. त्यासाठी अहवालाची अंतिम आवृत्ती हातात आल्याशिवाय आकडे भरू नका. सल्लागार शेवटच्या आठवड्यात व्याजदर बदलतो, अहवालात गुणोत्तर बदलतं, स्लाइडवर जुनंच राहतं आणि बैठकीतली पाच मिनिटं ‘खरं कोणतं’ यात जातात.

उरलेली सामग्री फेकायची नाही. यंत्रांची यादी, सात वर्षांचं नफा-तोटा पत्रक, हप्त्यांचा तक्ता, सभासद संख्या हे आठव्या स्लाइडनंतर ठेवा आणि त्या स्लाइड्स ‘हाइड’ करा. सादरीकरण चालू असताना स्लाइडचा क्रमांक टाइप करून एंटर दाबलं की पडद्यावर थेट ती स्लाइड येते, लपवलेलीसुद्धा. कोणत्या क्रमांकावर काय आहे त्याची चिठ्ठी टेबलावर ठेवा. लोकांनी पडद्याऐवजी तुमच्याकडे पाहायला हवं असेल तेव्हा ‘बी’ ही कळ दाबा, पडदा काळा होतो. पुन्हा दाबली की स्लाइड परत येते.

वेळ आठांत सारखी वाटू नका. मागणीला अर्धं मिनिट, फेड आणि अंदाज चुकणं या दोन्हींना मिळून सहा मिनिटं, बाकीच्यांना एक-एक मिनिट. मिळून साडेअकरा मिनिटं होतात. उरलेला वेळ लागतोच : कोणीतरी मध्येच विचारतं, कोणीतरी उशिरा येतं.

प्रश्न : आमच्या पतसंस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरमध्ये आहे. दरवर्षी ताळेबंद आणि नफा-तोटा पत्रक स्कॅन करून पडद्यावर दाखवतो. मागच्या रांगांतून ‘दिसत नाही’ असा ओरडा होतो. अक्षर मोठं केलं तर तक्ता मावत नाही.
— व्यवस्थापक, सहकारी पतसंस्था, सांगली

उत्तर : मावणार नाहीच. चाळीस ओळींचा ताळेबंद वाचायचा कागद आहे, तो छापील अहवालात सभासदांच्या हातात असू द्या. पडद्यावर पाच गोष्टी पुरेत : ठेवी, कर्जं, थकबाकी, नफा आणि नफ्याची वाटणी. एकेका गोष्टीला एक स्लाइड.

अक्षर किती मोठं हवं ते अंदाजाने ठरवू नका, सभागृहात टेप घेऊन मोजा. समजा पडद्याची उंची ५ फूट आणि शेवटची रांग ५० फुटांवर आहे, म्हणजे उंचीच्या दहापट. तुमच्या १४ इंची लॅपटॉपच्या पडद्याची उंची साधारण ७ इंच असते. त्याच्या दहापट ७० इंच, म्हणजे सहा फुटांना थोडं कमी. लॅपटॉपवर स्लाइड पूर्ण पडदाभर लावा, तेवढं मागे सरून उभे राहा आणि वाचून पाहा. जे वाचता येत नाही ते शेवटच्या रांगेतल्या सभासदालाही येणार नाही. सभेला वयस्कर मंडळी बरीच असतात, तेव्हा ही चाचणी साठीच्या पुढच्या कोणाकडून तरी करून घ्या. देवनागरीत रेषेच्या वर मात्रा आणि खाली उकार येतात, त्यामुळे त्याच मापात अक्षराचा मधला भाग रोमन लिपीपेक्षा लहान दिसतो. मोठ्या सभागृहासाठी आम्ही २८ पॉइंटच्या खाली जात नाही आणि ओळींतलं अंतर १.२ पट तरी ठेवतो.

पॉवरपॉइंटची एक सवय इथे घात करते. चौकटीत मजकूर जास्त झाला की तो अक्षराचं माप गुपचूप कमी करत जातो. तुम्ही २८ ठेवलेलं असतं, सभेत १६ दिसतं. ‘ऑटोकरेक्ट’च्या पर्यायांत ‘ऑटोफिट’च्या दोन्ही खुणा काढून टाका. मजकूर चौकटीबाहेर सांडायला लागला की समजायचं, शब्द कमी करायची वेळ झाली.

आलेख साधे ठेवा. पाच वर्षांच्या ठेवींचे पाच स्तंभ, तळ शून्यापासून. तळ ४० कोटींपासून धरला तर थोडी वाढ दुप्पट भासते आणि सभेत एखादा सभासद ते बरोबर पकडतो. त्रिमितीय स्तंभ नकोत, मागचा स्तंभ पुढच्याआड जातो. रंगांची यादी बाजूला देण्याऐवजी आकडा आणि नाव स्तंभावरच लिहा. चालू वर्ष गडद रंगात, बाकीची वर्षं राखाडीत.

रकमा लाखांत किंवा कोटींत मांडा, पण भागाकार एक्सेलच्या तक्त्यातच करून घ्या. स्वल्पविराम कुठे पडायचे हे संगणकाच्या प्रादेशिक मांडणीवर ठरतं. तुमच्याकडे १,२३,४५,६७८ दिसणारी रक्कम परदेशी मांडणीच्या संगणकावर १२,३४५,६७८ अशी दिसते आणि लोक गोंधळतात. १२३.५ लाख कुठेही तसंच राहतं. आकडे जवळच्या दशांशात आणल्यामुळे बेरीज थोडी चुकत असेल तर तसं खाली लिहा, आकडा ओढूनताणून जुळवू नका.

नफ्याच्या वाटणीसाठी गोल आलेखाऐवजी एकच लांब आडवी पट्टी घ्या. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० नुसार निव्वळ नफ्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीत जातो आणि भागभांडवलावरच्या लाभांशाला साधारणपणे १५ टक्क्यांची मर्यादा आहे. पट्टीवर हे भाग खुणावून ठेवले की ‘लाभांश एवढाच का’ या दरवर्षीच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच दिसतं.

थकबाकी वाढली असेल तर ती स्लाइड गाळू नका, शेवटी ढकलूही नका. कर्जांच्या लगेच नंतर दाखवा, सोबत वसुलीसाठी काय केलं त्याच्या दोन ओळी. ठेवीदाराचा पैसा आहे, त्याला हे ठसठशीत अक्षरात वाचायला मिळायला हवं.

प्रश्न : कार्यालयात मराठीत केलेलं सादरीकरण सभागृहाच्या संगणकावर उघडलं तर अक्षरांच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं आली. पीडीएफमधून मजकूर घेतला तरी वेलांट्या भलतीकडे जातात.
— लेखनिक, नाशिक

उत्तर : मूळ अहवाल श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप झालेला असणार. त्यात मजकूर प्रत्यक्षात रोमन अक्षरांच्या जागांवर साठवलेला असतो, फॉन्ट नसला की मूळ जागा उघडी पडते. मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही संगणकावर सारख्या उघडणाऱ्या प्रमाण पद्धतीत, रूपांतरित करा आणि नंतर ओळीओळीने वाचा. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्या’ यांतला र, जोडाक्षरं, कंस, तिरप्या रेघा आणि आकडे इथे हमखास चुका राहतात. आकडा बिघडलेला पटकन लक्षात येत नाही, म्हणून तक्ते मूळ कागदाशी ताडूनच घ्या. पीडीएफमधून मराठी मजकूर उचलू नका. पानावर अक्षरं ज्या क्रमाने मांडली जातात तोच क्रम बाहेर येतो आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी जाऊन बसते. वर्डची मूळ फाइल मागवा, नसेल तर पुन्हा टाइप करा. आठ स्लाइड्सना मजकूर तो किती लागतो!

फॉन्ट स्लाइड मास्टरमध्ये, म्हणजे सगळ्या स्लाइड्सच्या मूळ साच्यात, एकदाच ठरवा. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी चांगले, दोन्हींत खरं ठळक वजन आहे. ज्या फॉन्टला ठळक रूप नसतं त्यात संगणक अक्षर नुसतं फुगवतो आणि जोडाक्षरांची भोकं बुजतात. तिरपं अक्षर आणि अक्षरांमधलं वाढवलेलं अंतर टाळा, शिरोरेषा तुटते. विंडोजवर फाइल साठवताना ‘सेव्ह’च्या पर्यायांत ‘एम्बेड फॉन्ट्स’ला खूण करा आणि सर्व अक्षरं घेण्याचा पर्याय निवडा. तरीही त्याच सादरीकरणाची पीडीएफ पेन ड्राइव्हवर असू द्या.

प्रश्न : अहवाल एआय साधनाला दिला की मिनिटभरात स्लाइड्स तयार मिळतात. मग एवढा खटाटोप कशाला?
— विपणन अधिकारी, पुणे

उत्तर : ही साधनं प्रकरणांना सारखी जागा देतात, कारण समोर कोण बसणार आहे आणि त्याला काय ठरवायचं आहे हे तुम्ही सांगितल्याशिवाय त्यांना कळत नाही. लाख-कोटी आणि मिलियन यांच्यात घोळ होतो, टक्केवारी कशाची होती ते सुटून जातं. त्यांच्याकडून दुसरं काम घ्या : ‘या अहवालातली आकडे असलेली सगळी विधानं पान क्रमांकासह वेगळी काढ.’ ती यादी मूळ पानांशी ताडा आणि शीर्षकं तुम्ही लिहा. ग्राहकाचा किंवा बँकेचा गोपनीय अहवाल परवानगीशिवाय कोणत्याही ऑनलाइन साधनात टाकू नका.

प्रश्न : साहेब म्हणतात, स्लाइड्स आदल्या दिवशी मेल करा, म्हणजे सगळे वाचून येतील. तुम्ही सांगता तशा कमी शब्दांच्या स्लाइड्स पाठवल्या तर वाचणाऱ्याला काहीच कळत नाही.
— प्रकल्प समन्वयक, ठाणे

उत्तर : बरोबर आहे, कळणार नाही. वाचायची वस्तू वेगळी आणि बोलताना मागे दाखवायची वेगळी. दोन्हींसाठी एकच फाइल केली की भिंतीवर दाट परिच्छेद येतात आणि लोक तुमच्याआधी वाचून संपवतात. आदल्या दिवशी दोन पानांचं टिपण पाठवा : मागणी, तिची कारणं, मुख्य आकडे, धोके आणि अहवालातले पान क्रमांक. अ‍ॅमेझॉन कंपनीने २००४ पासून वरिष्ठांच्या बैठकांत स्लाइड्स बंद करून सहा पानांपर्यंतचं सलग लेखी टिपण आणलं, आणि बैठकीची सुरुवात ते शांतपणे वाचून होते. तुमच्या बैठकीत सगळे वाचून येणार नाहीत असं वाटत असेल, तर पहिली पाच मिनिटं वाचनाला मागून घ्या.

स्लाइड्सच पाठवायच्या असा आग्रह असेल, तर बोलायचा मजकूर प्रत्येक स्लाइडखालच्या ‘नोट्स’मध्ये सलग वाक्यांत लिहा आणि ‘नोट्स पेजेस’ची पीडीएफ पाठवा. वर स्लाइड, खाली स्पष्टीकरण असं पान मिळतं. मूळ पॉवरपॉइंट फाइल बाहेर पाठवण्याआधी मात्र आलेख तपासा. एक्सेलमधून आलेख अंतर्भूत करून घेतला असेल तर त्याच्यासोबत अख्खं वर्कबुक येतं, पुरवठादारांचे दर आणि पगाराची शीटसुद्धा. दुवा जोडून घेतला असेल तर एक्सेल फाइल हलवल्यावर आकडे अद्ययावत होत नाहीत आणि उघडताना इशारे येतात. पाठवायच्या प्रतीत आलेख चित्र म्हणून चिकटवा, ‘इन्स्पेक्ट डॉक्युमेंट’ चालवून शेरे आणि लपवलेला मजकूर पाहून घ्या. फाइलच्या नावात तारीख आणि अहवालाची आवृत्ती दोन्ही लिहा.